टेम्पोपुढे उभी राहिलेली बाई

तो टेम्पो मी सोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पोलिसाच्या आठवणी वाचायला घेतल्या की वाचक धरून चालतो, लिहिणारा शेवटी गुन्हेगार पकडणार. पकडले मी. पण त्याआधी तीन आठवडे त्यांना मीच हात हलवून वाट करून दिली होती, भर दुपारी, पन्नासेक माणसांसमोर, आणि वर एक विनोद करून. नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत, कुठला चोर कुठल्या ठाण्यातला तेही आठवत नाही. हे प्रकरण मात्र मिसळत नाही.

मी तेव्हा बदलापूर-वांगणी पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. मे महिना होता. जेवण उरकत होतो तेवढ्यात ठाणे अंमलदाराने येऊन सांगितलं, वांगणीच्या अलीकडे पोरांनी मांसाचा टेम्पो अडवलाय, गर्दी वाढतेय. मांसाचा टेम्पो म्हणजे जमाव, जमाव म्हणजे मारहाण, मग दोन्हीकडचे पुढारी ठाण्यात आणि मागोमाग वरिष्ठांचा फोन. जेवण टाकून मी हवालदाराला घेऊन निघालो, तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता. कुठल्या जनावराचं?

टेम्पोवर ताडपत्रीच्या जागी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स आवळून बांधला होता. गॉगल लावलेला कुणी दादा त्यावर हात जोडून उलटा लटकत होता. चालक स्टिअरिंगला धरून बसला होता, खाली उतरायची त्याची छाती नव्हती. मी फ्लेक्स उचलायला लावला. आत प्लॅस्टिकचे क्रेट, त्यात पिसांसकट अख्ख्या मेलेल्या पांढऱ्या कोंबड्या, वर बर्फाचा चुरा.

"कोंबड्या आहेत साहेब," चालक म्हणाला. "उन्हाने गेल्या. पुरायला नेतोय."

बर्फ मी पाहिला. पाहिला म्हणजे काय, त्यात हात घातला. बाहेर रणरणतं ऊन होतं, हाताला बरं वाटलं. पुरायला न्यायच्या मालावर कोणी बर्फ टाकत नाही, हे कळायला पोलीस असावं लागत नाही. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. गाय नाही, बैल नाही, कोंबडी आहे. मी पोरांकडे वळून म्हणालो, कोंबडी आहे रे, चला घरी. पोरांचे चेहरे पडले. त्यांचाही प्रश्न तोच होता.

तेवढ्यात टेम्पोच्या पुढून एक बाई आली. काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात काही नाही. मग कळलं की टेम्पो पोरांनी अडवलाच नव्हता. कच्च्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येताना ही बाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली होती. टेम्पो थांबला, वास आला, मग पोरं जमली.

"साहेब, तू यांना सोडू नको," ती म्हणाली. "ह्या कोंबड्या पुरायला नाय चालल्या. खायाला चालल्यात. मी सवता भरल्यात क्रेटांत."

डोंगराकडच्या वाडीवरची माणसं कलेक्टरलाही 'तू' म्हणतात. त्यात अपमान नसतो, त्यांच्या बोलीत 'तुम्ही' फारसं नाहीच. हे मला माहीत होतं. तरी जमावासमोर तो 'तू' मला टोचला. मी म्हणालो, "मग काय जिवंत कोंबडी खातात का, बाई?"

सगळे हसले. चालकही हसला. मी हात केला आणि टेम्पो गेला. बाई तिथेच उभी राहिली. मग परत त्याच कच्च्या रस्त्याने निघून गेली. ठाण्यात आल्यावर मी स्टेशन डायरीत लिहिलं की अमुक ठिकाणी जमाव जमला होता, समजूत घालून पांगवला. टेम्पोचा क्रमांक लिहिला नाही. बाईचा तर उल्लेखही नाही.

तीन आठवड्यांनी उल्हासनगरच्या सरकारी रुग्णालयातून एका तरुण डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे वांगणीच्या बाजूचा एक मजूर दाखल होता, कोंबड्यांच्या शेडवर काम करणारा. हाताला साधी तार लागली होती, आता दंड काळानिळा पडला होता. ज्या औषधाने दोन दिवसांत उतार पडायला हवा, त्याने काही होत नव्हतं. त्यापुढचं औषध दिलं, तेही नाही. "हे जंतू माझ्याकडच्या सगळ्या औषधांना सरावलेले दिसतात," त्या म्हणाल्या. "तो म्हणतो, शेडमध्ये रोज पाण्यात औषधं कालवतो. कुठली औषधं ते त्याला माहीत नाही. आणि त्याची बायको म्हणते, मेलेल्या कोंबड्या हॉटेलांना जातात. तुम्ही बघाल का?"

मी वही काढून सगळं लिहून घेतलं. हे लिहिताना आज माझा स्वतःवरच संताप होतो. तेच वाक्य अनवाणी बाईने सांगितलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं, आणि डॉक्टरने फोनवर सांगितलं तेव्हा वही काढली.

रुग्णालयात गेलो. वॉर्डाबाहेर जमिनीवर तीच बाई बसली होती. शेजारी तिची सासू, पिकलेल्या केसांची, कानाने कमी, डोळे मात्र जागे. बाईने मला ओळखलं. मीही तिला ओळखलं, पण नव्याने भेटल्यासारखं नाव-गाव विचारलं.

तिने जे सांगितलं ते असं. ती आणि नवरा बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीवरचे. दोन वर्षांपासून शेडवरच पत्र्याच्या खोलीत राहत होते. कंपनी पिल्लं आणून टाकायची, खाद्य आणि औषध कंपनीचं, शेड स्थानिक शेतकऱ्याची, मजुरी या दोघांची. साधारण चाळीस दिवसांत पिल्लाची कोंबडी व्हायची. ती म्हणाली, आमच्या वाडीवरची कोंबडी वर्षभर उंडारते तेव्हा कुठं हाताला वजन लागतं, आणि इथली सव्वा महिन्यात एवढी जड होते की तिला तिचेच पाय पेलत नाहीत. बसली की बसलीच, छातीची पिसं झडून खालची कातडी लाल. विष्ठेच्या वाफेने डोळे चुरचुरायचे, कोंबड्यांचेही आणि हिचेही. उन्हाळ्यात वीज गेली, पंखे थांबले, की तासाभरात रांगाच्या रांगा माना टाकायच्या.

मेलेल्या कोंबड्यांना या धंद्यात मरतूक म्हणतात. मरतूक खड्ड्यात टाकायची, वर चुना, वर माती, असा नियम. कंपनीच्या सुपरवायझरला रोज तिचा फोटो मोबाइलवर पाठवायचा, म्हणजे शेतकऱ्याने जिवंत पक्षी परस्पर विकून ते मेल्याचं सांगितलं नाही, याची त्याला खात्री. फोटो गेला की काम संपलं. पुढे त्या कोंबडीचं काय होतं, ते बघायला कोणीच नव्हतं. पहिल्या वर्षी हे दोघं खरंच पुरायचे. नंतर शेडच्या मालकाने सांगितलं, पुरू नका, टेम्पो येतो, त्यात भरा. ती समजली की हे कुठे दुसरीकडे मोठ्या खड्ड्यात नेत असतील. मग एकदा चालकच गंमत म्हणून बोलून गेला की ताई, तुमच्या कोंबड्या शहरातली पोरं सॉस लावून खातात. त्यानंतरच्या खेपेला ती टेम्पोपुढे उभी राहिली.

जी माणसं तिला आयुष्यात कधी भेटणार नव्हती, त्यांच्या ताटासाठी.

"तू सोडलास, मग मालक काय बोलला माहिती?" ती मला म्हणाली. "बोलला, पोलिसांनी बी सोडला, आता तुम्हाला काय खाज हाय? मग भिऊन भिऊन भरायचा ते बंद झाला. दिवसाढवळ्या भरायला लागले. चवथ्या दिशी कोंबड्या भरता भरता ह्याचा हात तारेनं फाटला."

सासूला सगळं ऐकू आलं नव्हतं, पण सुनेला आधीपासून माहीत होतं एवढं कळलं. ती तिच्यावर उखडली. "तुला ठावं व्हता तं माझ्या पोराला तिथून काढला का नाय? कोनाला सांगितला का नाय?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या कागदात काहीतरी शोधू लागलो.

तपास सुरू झाला, पण टेम्पोचा क्रमांक कुठे होता? बाईला वाचता येत नव्हतं. मात्र तिने त्या फ्लेक्सवरचा माणूस नीट पाहिला होता. गॉगल, गळ्यात जाडी चेन, कपाळाला उभा टिळा, खाली एका कोपऱ्यात लहान मुलीचा फोटो. आमच्या भागात अशा दादांची कमतरता नाही. पण हवालदार हुशार. तो म्हणाला, साहेब, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पोरीचा फोटो लावणारा एकच, अंबरनाथचा. त्या दादाच्या कार्यालयात गेलो. त्याचे जुने फ्लेक्स कोण नेतं ते विचारलं. दोन दिवसांत आम्ही बदलापूरच्या बेलवलीत चालकाच्या दारात उभे होतो. टेम्पो धुऊन ठेवला होता, फ्लेक्स तोच होता.

त्याला ठाण्यात आणून बसवलं. मी विचारलं, माल कुठे उतरवतोस?

"कसला माल साहेब?"

"हापूस आंब्याचा," हवालदार म्हणाला.

तो हसला नाही. चौकशीत माणूस बोलायचा थांबला की बहुतेक वेळा तो आठवत नसतो, हिशेब करत असतो, किती सांगितलं की किती वाचेन. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसलो. मारझोडीपेक्षा गप्प बसण्याने जास्त माहिती मिळते, हे मी नव्या फौजदारांना नेहमी सांगायचो. थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर सोडला होतात ना. मला वाटलं, चालतंय."

हवालदाराने माझ्याकडे बघायचं टाळलं. जबाब लिहिणाऱ्या शिपायाने पेन थांबवलं, हे वाक्य घ्यायचं का म्हणून. मी म्हणालो, पुढे. त्याने ते वाक्य घेतलं नाही. तपासात माझ्या हातून झालेली दुसरी चूक ही, आणि ती पहिलीपेक्षा वाईट. पहिल्या वेळी मी आळशी होतो. या वेळी मी भित्रा होतो.

चालकाने ठिकाण सांगितलं. उल्हासनगरमध्ये फर्निचरच्या कारखान्यांमागे एक गाळा. ती हद्द दुसऱ्या पोलीस ठाण्याची, म्हणून तिथल्या निरीक्षकांना पत्र दिलं, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आणि पशुवैद्यकीय अधिकारी यांना सोबत घेतलं आणि सकाळी अकराला छापा घातला. आत सहा-सात बायका कोंबड्या सोलत होत्या. सोललेल्या कोंबड्यांचे पंख वेगळे, मांड्या वेगळ्या, टबात लाल मसाला कालवलेला. तो लाल रंग आपण सगळ्यांनी पाहिला आहे. संध्याकाळी गाड्यांवर जे चिकन लॉलीपॉप मिळतं, त्याचा. त्या रंगात तंगडी बुडवली की आतलं मांस ताजं की काळवंडलेलं, कोणाच्या बापाला कळत नाही.

गाळ्याचा मालक शांत होता. कपड्यांना इस्त्री, टेबलावर देव, कागदपत्रं फाइलमध्ये. परवाना होता, खरेदीची बिलंही होती, जिवंत कोंबड्यांची. तो म्हणाला, "साहेब, माल ताजा आहे. तुम्हाला शंका असेल तर नमुना घ्या, रिपोर्ट येऊ दे." त्याला माहीत होतं की रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि तोवर गाळा रिकामा होतो. पशुवैद्यकांनाही नुसत्या तुकड्यांवरून तिथल्या तिथे ठाम सांगता येईना.

छाप्याला दोन पंच लागतात. एक पंच मी मुद्दाम उल्हासनगर कॅम्पातल्या मटण मार्केटमधून आणला होता, एक म्हातारा खाटीक. मार्केटात त्याला सगळे चाचा म्हणायचे. त्याला मी येताना काहीच सांगितलं नव्हतं. त्याने टबाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या न सोललेल्या क्रेटाकडे गेला. एक कोंबडी उचलून पंख उलटा केला, सांध्यात अंगठा दाबला. दुसरीची मान फिरवून कापलेली जागा बघितली.

"साहब, ये कटी नहीं है," तो म्हणाला. "मरी है. मरने के बाद गले पे सुरी फिराया है, दिखाने के लिए. जिंदा काटो तो खून बाहर आता है. इसका खून देखो, सब अंदर जम गया."

मालक म्हणाला, "चाचा, तुम अपना धंदा देखो."

"वही देख रहा हूँ," चाचा म्हणाला. "चालीस साल से देख रहा हूँ. मेरे दुकान का गिऱ्हाईक मेरे सामने खडा रहता है, मैं उसके सामने काटता हूँ. तेरा गिऱ्हाईक कहाँ खडा है, बता."

कुठे बघायचं ते दाखवल्यावर पशुवैद्यकांनी एकेक कोंबडी फाडून पाहिली. रक्त आत गोठलेलं, काहींची आतडी हिरवी पडलेली. त्यांनी तिथेच लेखी अभिप्राय दिला. चाचाने पंचनाम्यावर सही केली आणि बाहेरच्या नळावर कितीतरी वेळ हात धूत राहिला. प्रकरण फुटलं ते त्या दिवशी, एका खाटकाच्या अंगठ्याने. माझ्या अक्कलहुशारीने नव्हे.

आता कायद्याचं सांगतो, वाचून चीड येऊ दे. मेलेल्या कोंबडीचं मांस माणसाला खाऊ घालणं हा त्या वेळी अदखलपात्र गुन्हा होता. म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय मला अटकसुद्धा करता येत नव्हती. कुणाची सायकल चोरीला गेली तर मी चोराला बेड्या घालू शकत होतो. शहरभर सडकं मांस विकणाऱ्याला म्हणायचं, शेठ, चौकशीला या. संसर्ग पसरवण्याचं कलम जोडून आम्ही कशीबशी अटक दाखवली. संध्याकाळी जामीन झाला.

शेडमालकाला बोलावलं. तो काही राक्षस नव्हता. भातशेतीतून भागेना म्हणून शेड टाकलेला माणूस. तो म्हणाला, कंपनी सांगते ते खाद्य, कंपनी देते ते औषध, कंपनी म्हणेल त्या दिवशी माल उचलणार, माझं त्यात काय? औषधांच्या बाटल्या मागितल्या तर लेबलं खरवडलेली. माल उचलायच्या काही दिवस आधी औषध बंद करायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. सुपरवायझर म्हणाला, मी फक्त फोटो बघतो. कंपनीच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, आमचा संबंध फक्त जिवंत पक्ष्याशी. गाळेवाला म्हणाला, मला टेम्पोवाल्याने फसवलं. टेम्पोवाला म्हणाला, मी फक्त गाडी चालवतो. प्रत्येकाने आपापल्या वाटणीचा एक तुकडा धरला होता आणि अख्खी कोंबडी कुणाचीच नव्हती. त्या साखळीत नाव नसलेला आणखी एक माणूस होता. त्याने टेम्पोला वाट करून दिली होती.

या चौकशा चालू असतानाच रुग्णालयात तिचा नवरा गेला. हात कापून काढला तरी विष पसरायचं थांबलं नव्हतं. डॉक्टरीणबाई मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, माणसासाठी आम्ही अगदी शेवटी राखून ठेवतो ती औषधं तिथे बादलीने ओततात. मग माझ्याकडे काय राहतं? उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत, जिना चढून वर गेल्या.

शेडमालक आणि सुपरवायझर यांच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचं कलम लावलं. ते टिकायला एकच गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती. हे काम धोक्याचं आहे, बेकायदा आहे, हे मालकाला मजुराच्या दुखापतीआधी कळलं होतं आणि तरी त्याने ते करायला लावलं. याची साक्षीदार ती बाई. तिने मालकाला सांगितलं होतं, टेम्पो अडवला होता, पोलिसांनाही सांगितलं होतं.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. उल्हासनगरच्या न्यायालयात तिची साक्ष झाली. मागच्या बाकावर सासू बसली होती. बाईने सगळं नीट सांगितलं. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, हे तू नवरा मेल्यावर कोणीतरी शिकवलं म्हणून सांगतेस ना? ती म्हणाली, नाय, आधी सांगितला व्हता, ह्या साहेबाला. आणि तिने बोटाने मला दाखवलं.

मग माझी साक्ष. वकील म्हणाले, तपास अधिकारी, त्या तारखेला या बाईने तुमच्याकडे काही तक्रार केल्याची नोंद आहे?

मी म्हणालो, नोंद नाही.

शब्दाला शब्द लावला तर ते खरं होतं. नोंद नव्हतीच. पण मी शपथेवर उभा होतो, आणि नोंद का नाही हे सांगू शकणारी दोनच माणसं त्या दालनात होती. त्यातली एक खाली बसून माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती. पुढचं वाक्य म्हणजे खातेनिहाय चौकशी, कदाचित निलंबन. मी पाणी प्यायलो आणि खाली उतरलो.

गाळेवाल्याला दंड झाला. मृत्यूच्या कलमातून शेडमालक आणि सुपरवायझर सुटले, बाईची साक्ष विश्वासार्ह नाही असं निकालात आलं. बाहेर व्हरांड्यात सासू सुनेला एवढंच म्हणाली, "म्हंजी तू कोनालाच नव्हता सांगितला." म्हातारी पुढे चालू लागली. सून तिच्या मागे दहा पावलांवर. त्यानंतर घरात त्या दोघींचं बोलणं बंद झालं, हे मला हवालदाराकडून कळलं. त्याच्या मेहुण्याचं शेत त्या वाडीजवळ आहे.

लोक विचारतात, या प्रकरणानंतर तुम्ही चिकन सोडलं का? सोडलं नाही. चाचाच्या दुकानातून आणतो, समोर उभा राहून. पण खाण्या न खाण्याचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मला राग येतो तो आमच्या एका प्रश्नाचा. मांस म्हटलं की पोलीस, पुढारी, रस्त्यावरची पोरं, सगळे विचारतात, कुठल्या जनावराचं? त्यावरून आम्ही माणसं मारायला निघतो. ते जनावर कसं जगलं, कशाने मेलं, त्याला काय पाजलं, कोणाच्या हातांनी उचललं, कधी उचललं, हे विचारायला एक माणूस सापडत नाही. त्या दुपारी रस्त्यावर पन्नास माणसं होती. खरा प्रश्न घेऊन एकच उभी होती आणि तिला मी गप्प केलं.

निकालानंतर वर्षभराने मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिलं काम म्हणून प्रतिज्ञापत्र केलं, त्या दिवशी रस्त्यावर काय झालं आणि न्यायालयात मी काय सांगितलं नाही, सगळं. सरकारने निकालाविरुद्ध केलेल्या अपिलाचं काम बघणाऱ्या सरकारी वकिलांना ते नेऊन दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, उशीर केलात. उपयोग होईल की नाही सांगता येत नाही, तुमच्यावर मात्र आफत येईल. मी म्हणालो, येऊ द्या.

तिथून वाडीवर गेलो. सकाळची वेळ होती. बाई अंगणात सुकत घातलेले वाल वर-खाली करत होती. मला बघून उठली नाही. मी उभ्यानेच बोलायला लागलो, की मी चुकलो, तुम्ही खरं बोलला होता. तिने हाताने थांबवलं.

"मना नको सांगू," ती म्हणाली. "मना माहीत हाय. म्हातारीला सांग."

सासू झोपडीच्या सावलीला बसली होती. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो. शेजारपाजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, आजी, मी तो पोलीस. तुमच्या सुनेने मला सांगितलं होतं.

तिने कानामागे हात धरला. "काय बोलतो, आयकू नाय येत. मोठ्यानं बोल."

मी पुन्हा बोललो, वाडीभर जाईल अशा आवाजात. "आजी, तुमचा पोरगा धडधाकट होता तेव्हाच तुमच्या सुनेने मला सांगितलं होतं. रस्त्यात टेम्पोपुढे उभी राहून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, उलट तिला हसलो. मग कोर्टात गप्प बसलो आणि तिला खोटी ठरू दिलं. ती खोटी नाही. खोटा मी. मला माफ करा."